निकालाच्या आधी पोहोचलेली मदत

नाझी छळछावण्यांतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ आणि ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ या पुस्तकाचे लेखक म्हणून व्हिक्टर फ्रँकल जगाला माहीत आहेत. पण छावणीत जाण्याच्या कितीतरी आधी, वैद्यकीय विद्यार्थी असतानाच, त्यांनी शाळकरी मुलांच्या आत्महत्या रोखण्याचे काम उभे केले होते.

फ्रँकल यांचा जन्म २६ मार्च १९०५ रोजी व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात झाला. शाळेत असतानाच त्यांचा सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार होता. पुढे ते आल्फ्रेड ॲडलर यांच्या गटात गेले, पण मतभेद झाल्याने १९२७ मध्ये त्यांना तिथून बाहेर पडावे लागले. पहिल्या महायुद्धाने ऑस्ट्रिया खिळखिळा झाला होता. अशा काळात अडचणीत सापडलेल्या मुलांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून १९२८ मध्ये त्यांनी व्हिएन्नात युवकांसाठी सल्ला केंद्रे सुरू केली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि धर्मोपदेशक तिथे विनामोबदला वेळ देत. शार्लोट ब्यूलर यांच्यासारख्या नामवंत मानसशास्त्रज्ञही त्यात होत्या. मुलांना पैसे पडत नसत.

शाळांची प्रगतिपुस्तके मिळण्याचे दिवस सर्वांत धोक्याचे, हे फ्रँकल यांनी हेरले. १९३० च्या सुमारास त्यांनी नेमक्या त्या दिवसांसाठी खास मोहीम आखली. मूल मदत मागायला येईल याची वाट न पाहता, निकालाच्या आधीच मदत त्याच्यापर्यंत पोहोचवली. त्या वर्षी व्हिएन्नात निकालामुळे एकाही विद्यार्थ्याने जीव दिला नाही, असे फ्रँकल यांनी आठवणींत नोंदवले आहे. एका शहरातील एका वर्षाच्या आकड्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही. पण धोक्याची वेळ ओळखून आधीच तयारी करण्याची दिशा आजही योग्य मानली जाते.

बेकार तरुणांच्या निराशेचाही त्यांनी अभ्यास केला. हाताला काम नाही म्हणजे आपला कोणाला उपयोग नाही, असे या तरुणांना वाटे. फ्रँकल यांनी त्यांना वाचनालये, युवक संघटना यांत स्वयंसेवक म्हणून काम करायला लावले. खिशात पैसा आला नाही, पोटातली भूकही तशीच राहिली. तरी अनेकांची उदासी ओसरली.

डॉक्टर झाल्यावर १९३३ ते १९३७ या काळात ते श्टाइनहोफ मनोरुग्णालयात आत्महत्येचा धोका असलेल्या स्त्रियांचा विभाग सांभाळत होते. वर्षाला सुमारे तीन हजार रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली असत. घरी सोडण्यापूर्वी ते रुग्णाला सरळ विचारत, की जीव देण्याचा विचार अजून मनात आहे का, आणि नसेल तर का नाही. खरोखर सावरलेली व्यक्ती मुले, घर, अपुरे काम असे काही कारण सांगे. मनात विचार घोळत असलेली व्यक्ती नजर चुकवी. असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा असल्याचे आजचे तज्ज्ञही सांगतात.

१९४२ मध्ये त्यांची रवानगी टेरेझिनच्या छावणीत झाली. तिथे नव्याने येणाऱ्या हादरलेल्या कैद्यांना धीर देणारे पथक त्यांनी उभारले. ज्यूंच्या पहिल्या महिला धर्मगुरू रेगिना योनास त्यात सहभागी होत्या. आई, वडील, भाऊ आणि पत्नी यांना फ्रँकल यांनी या छावण्यांत गमावले. सुटकेनंतर ते व्हिएन्नाला परतले आणि १९४६ पासून पुढची जवळपास २५ वर्षे तिथल्या रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख राहिले. २ सप्टेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आपल्याकडेही दरवर्षी येतात. गुण कळण्याआधीच, निकाल काहीही लागला तरी आम्ही सोबत आहोत, हे आईवडील, शिक्षक, शेजारी मुलाला सांगू शकतात. कोणी गप्प गप्प राहू लागले, निरवानिरवीची भाषा करू लागले, तर सरळ विचारावे, शांतपणे ऐकावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे.