मिसर देशाची महाराणी तिये

मिसर देशाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात, आणि तेथील राण्यांपैकी आपणांस आठवते ती बहुधा एकटी क्लिओपात्रा. परंतु क्लिओपात्रेच्या सुमारे तेराशे वर्षे आधी त्याच नाईल नदीच्या काठी एक अशी पट्टराणी होऊन गेली की, तिच्या योग्यतेची स्त्री कोणत्याही देशाच्या इतिहासास भूषणभूत व्हावी. तिचे नाव तिये. तिचे चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

तियेचा जन्म राजकुलात झाला नव्हता. तिचा पिता युया हा अखमिम या गावचा. तेथील मिन देवाच्या पौरोहित्याबरोबरच देवाच्या गोधनाची देखरेख त्याजकडे होती, आणि पुढे तो राजाच्या घोड्यांचा व रथदळाचा अधिकारी झाला. आई थुया ही अमुन देवाच्या मंदिरातील गायिका होती. घराणे प्रतिष्ठित खरे, परंतु राजरक्त त्यात नव्हते. त्या देशात राजाची पट्टराणी पुष्कळदा राजकन्या असे. अशा काळी अठराव्या राजवंशातील तिसरा आमेनहोतेप हा लहान वयात, इ. स. पू. १३९० च्या सुमारास, गादीवर आला आणि त्याने या अधिकाऱ्याच्या मुलीस पट्टराणी केले. राज्याच्या दुसऱ्या वर्षाच्या लेखातच तिये पट्टराणी म्हणून आढळते.

या विवाहाच्या संबंधात राजाने जे केले ते विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेणकिड्याच्या आकाराच्या लहान लहान मुद्रा तयार करवून त्याने त्या दूरवर धाडल्या. त्यांवर राणीचे नाव आहे. तिच्या पित्याचे नाव युया व मातेचे नाव थुया हेही स्पष्ट कोरलेले आहे. आणि लगेच पुढे असे नमूद आहे की, ही त्या बलाढ्य राजाची पत्नी आहे, ज्याच्या राज्याची सीमा दक्षिणेस कारोय व उत्तरेस नाहरिन येथवर पोहोचते. सासरचे वैभव सांगताना माहेरचे साधेपण झाकून ठेवावे, असे त्या राजास वाटले नाही. राज्याच्या दहाव्या वर्षी मितानी देशाची राजकन्या गिलुखेपा ३१७ स्त्रियांच्या परिवारासह राजाची पत्नी होऊन आली. त्या प्रसंगाच्या स्मारक मुद्रेवरदेखील आधी तियेचे व तिच्या मातापित्यांचे नाव आहे, आणि मग त्या राजकन्येचे!

अकराव्या वर्षी राजाने तियेसाठी तिच्या जारुखा नावाच्या गावी ३७०० हात लांबीचे सरोवर खणविले. ते काम अवघ्या पंधरवड्यात पुरे झाले आणि राजाने नौकेत बसून त्यात विहार केला. नूबियात सेदेंगा येथे तिच्या नावे मंदिर उभारले गेले. कैरो येथील संग्रहालयात राजा व राणी यांची सुमारे सात मीटर उंचीची जोडमूर्ती आहे. पूर्वीच्या शिल्पांत राणी बहुधा राजाच्या गुडघ्याशी लहानशी दाखवीत. येथे मात्र ती पतीच्या बरोबरीने, तेवढ्याच उंचीने बसलेली आहे.

सुमारे ३८ वर्षे राज्य करून आमेनहोतेप निवर्तला. थोरला पुत्र थुतमोस आधीच गेला होता. म्हणून धाकटा, जो पुढे आखेनातेन या नावाने प्रसिद्धीस आला, तो राजा झाला. या काळात तियेची खरी योग्यता दिसून येते. इ. स. १८८७ मध्ये अमार्ना येथे मातीच्या विटांवर कोरलेली राजपत्रे सापडली. त्यांत मितानीचा राजा तुषरत्त याने खुद्द तियेस लिहिलेले पत्र आहे. तिच्या पतीने भरीव सोन्याच्या मूर्ती देऊ केल्या होत्या, परंतु पुत्राने सोन्याचा पत्रा चढविलेल्या लाकडी मूर्ती पाठविल्या, अशी त्याची तक्रार होती. उभय राज्यांत काय बोलणे झाले होते ते तिच्याइतके कोणास ठाऊक नाही, असे मानून त्याने तिला साक्षीस धरले आणि पुत्रालाही मातेस विचारण्यास कळविले. या मितानी राजांच्या एका तहनाम्यात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या आपल्या वैदिक देवतांची नावे साक्षीदार म्हणून आली आहेत, हे वाचून आपणांस कौतुक वाटेल.

पुत्राने जुने देव बाजूस सारून आतेन या सूर्यबिंबाची उपासना चालविली व नवी राजधानी वसविली. ज्या अमुनाची तियेची आई गायिका व भाऊ आनेन द्वितीय पुरोहित होता, त्याच अमुनाचे नाव त्याने ठिकठिकाणी खोडविले. पित्याच्या नावात तो शब्द होता, म्हणून तेथेही छिन्नी चालली. मातेस मात्र त्याने अंतर दिले नाही. तिचा कारभारी हुया याच्या थडग्यातील चित्रांत ती नव्या राजधानीत पुत्र व सून नेफर्तीती यांच्यासह भोजनास बसलेली दिसते, आणि पुत्र तिचा हात धरून तिला मंदिरात नेत आहे.

पुढे काळ उलटला. आखेनातेनाचे नाव लोकांनी पुसून टाकले. त्याने मातेसाठी करविलेला सोन्याच्या पत्र्याचा देव्हारा १९०७ मध्ये एका थडग्यात सापडला; त्यावरील पुत्राची आकृती खरवडलेली, परंतु मातेची जशीच्या तशी!

तियेचा देह १८९८ मध्ये दुसऱ्या आमेनहोतेपच्या थडग्यात, इतर दोन देहांशेजारी, निनावी स्थितीत मिळाला. १९०५ मध्ये तिच्या मातापित्यांचे थडगे जवळजवळ अखंड सापडले, आणि १९२२ मध्ये तुतांखामेनच्या थडग्यात तिच्या नावाच्या चिमुकल्या पेटीत केसांची एक बट मिळाली. नातवाने आजीची आठवण सोबत नेली होती. अखेर २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी रक्तसंबंधाची परीक्षा करून ठरविले की, ती निनावी स्त्री युया व थुया यांची कन्या होय. म्हणजे सुमारे तेहेतीसशे वर्षांनंतर तिची ओळख पटली ती आईबापांमुळे. २०२१ मध्ये इतर राजदेहांसह तिला कैरोतील नव्या संग्रहालयात सन्मानाने नेण्यात आले.

ज्याचे नाव उच्चारले जाते तो जिवंत राहतो, अशी प्राचीन मिसरी लोकांची श्रद्धा होती. आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळांवर वधूचे नवे नाव लिहितात आणि त्या दिवसापासून तिचे जुने नाव मागे पडते. मी स्वतः आमच्या घराण्याची वंशावळ उतरवून काढली, तेव्हा सात पिढ्यांचे पुरुष मिळाले. परंतु पणजीचे माहेर कोणते व तिच्या आईचे नाव काय, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. ज्यांच्या घरी वृद्ध आजी आहे त्यांनी आजच तिच्याजवळ बसून तिच्या आईबापांची नावे विचारून घ्यावीत व वहीत टिपून ठेवावीत. त्यास मुद्रा कोरविणारा राजा लागत नाही.