विली हेनिग: नव्या-जुन्या लक्षणांचा हिशेब मांडणारा माणूस

१९४५. ब्रिटिशांच्या कैदेतला एक जर्मन सैनिक वहीत लिहीत होता, सजीवांचं नातं ठरवायचं कसं? हे विली हेनिग. माश्या-डासांचे अभ्यासक, रशियात जखमी झालेले.

पाच बोटं माणसाला आणि सरड्यालाही, घोड्याला एकच. म्हणजे माणूस सरड्याच्या जवळचा? नाही! पाच बोटं हा तिघांच्या पूर्वजाचा जुना वारसा, घोड्याने तो गमावला. अंगावरचे केस मात्र नंतर आले, तेही माणूस आणि घोडा दोघांत. हेनिग म्हणत, नातं सांगतात ती अशी नवी सामायिक लक्षणंच.

१९५०ला पुस्तक आलं, पण जर्मनमध्ये; बाहेर फारसं पोहोचलं नाही. १९६१ला बर्लिनची भिंत उभी राहिली. घर पश्चिमेला, नोकरी पूर्वेला. नोकरी सुटली. १९६६च्या इंग्रजी पुस्तकाने मात्र वर्गीकरणशास्त्र ढवळून निघालं. हेनिग १९७६ मध्ये वारले.