जॉर्ज स्टोक्स : कोयनेलच्या निळ्या उजेडामागचा माणूस

शेतात काम करताना उसाचे पान डोळ्याला लागले, की डोळ्यांचे डॉक्टर एक नारिंगी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळ्या दिव्याने पाहतात. बुबुळावर जिथे ओरखडा असेल, तेवढीच जागा हिरवी चमकते. ही तपासणी तुम्ही कधी करून घेतली असेल, तर सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्या कामाचा तुम्हाला उपयोग झालेला आहे. या चमकण्याला फ्लुरोसन्स हे नाव त्यांनीच दिले.

स्टोक्स डॉक्टर नव्हते. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन या खेड्यात झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू होते. केंब्रिजला गणितात १८४१ साली ते पहिले आले आणि १८४९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिथले ल्युकेशियन प्राध्यापक झाले. हे पद एकेकाळी न्यूटन यांच्याकडे होते. इंजिनिअरिंग शिकलेल्यांना स्टोक्स हे नाव द्रवांच्या समीकरणांमुळे माहीत असते. आम्हा डॉक्टरांना मात्र ते फारसे शिकवले जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

मलेरियावरचे क्विनाइन तुमच्या आजी-आजोबांना कोयनेल म्हणून माहीत असेल. त्याचे द्रावण पाण्यासारखे स्वच्छ दिसते, पण उन्हात धरले की कडेला निळसर झाक येते. जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये याची नोंद केली होती, पण कारण सापडले नव्हते. स्टोक्स यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि क्विनाइनची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबड्यात, पिवळ्यात, हिरव्यात काहीच झाले नाही. जांभळा रंग संपून डोळ्यांना नुसता अंधार दिसतो, तिथे नळी नेल्यावर ती निळी उजळली. म्हणजे क्विनाइन न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेते आणि कमी ऊर्जेचा, दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. हे १८५२ साली प्रसिद्ध झाले. फ्लुओरस्पार नावाचे खनिजही असेच चमकते, त्यावरून फ्लुरोसन्स हा शब्द आला.

पण चमक विझते तेव्हा काय कळते, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. क्विनाइनच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की निळा उजेड मंदावतो, हे स्टोक्स यांनी १८६९ मध्ये मांडले. क्लोराइडचे कण क्विनाइनने घेतलेली ऊर्जा उजेडाआधीच काढून घेतात. याचा अर्थ असा, की उजेड किती कमी झाला हे मोजून क्लोराइड किती आहे ते सांगता येते. तुम्हाला हे घरीही पाहता येईल. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असते. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली ते निळे दिसते आणि चमचाभर मीठ विरघळवल्यावर फिकट होते. (दिव्याकडे थेट पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका.)

आज संशोधक फ्लुरोसन्ट सच्छिद्र सेंद्रिय पदार्थ बनवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. कार्बनचे छोटे रेणू एकमेकांना जोडून चाळणीसारखी जाळी तयार करतात, तिची छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची असतात. पाण्यातला पारा किंवा स्फोटकांमधला एखादा रेणू त्या छिद्रात शिरला, की जाळीची चमक विझते. यातले बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आहे. त्यामुळे असे किट दाखवून कोणी घरच्या पाण्याची हमी देत असेल, तर त्यावर विसंबू नका. पाणी रीतसर प्रयोगशाळेतच तपासून घ्या.

स्टोक्स यांनी प्रकाशाची हीच नजर १८६४ मध्ये रक्ताकडे वळवली. इथे चमक नव्हती, रक्त कोणता प्रकाश शोषते ते त्यांनी पाहिले. प्राणवायू असलेल्या लाल रक्तातून प्रकाश गेला की वर्णपटात दोन काळे पट्टे दिसत. प्राणवायू काढून घेतला की दोघांच्या जागी एकच रुंद पट्टा येई, आणि हवेत हलवले की पुन्हा दोन. रक्तातले रंगद्रव्य प्राणवायू घेते आणि सोडते, हे त्यांनी असे दाखवले. तुम्ही बोटाला लावता तो ऑक्सिमीटर याच फरकावर चालतो. म्हणून नेलपॉलिश काढून आणि बोट गरम असतानाच आकडा घ्या.

घरी मात्र त्यांना सुख सलग मिळाले नाही. १८५७ मध्ये त्यांनी मेरी रॉबिन्सन यांच्याशी लग्न केले आणि फेलोशिप सोडावी लागली, कारण कॉलेजचे फेलो अविवाहित असावेत असा नियम होता. नियम बदलल्यावर, बारा वर्षांनी, ती परत मिळाली. पाच मुलांपैकी दोन मुली तान्ह्या वयातच गेल्या. एक मुलगा डॉक्टर झाला, तोही वडिलांच्या हयातीत वारला.

१८५४ पासून ३१ वर्षे ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. इतरांचे लेख वाचणे, चुका दाखवणे, लांबलचक पत्रे लिहिणे यात त्यांचा वेळ गेला आणि स्वतःचे संशोधन मागे पडले. अनेकांना हे नुकसान वाटते. मला तसे पूर्ण पटत नाही, कारण त्या पत्रांनी कित्येकांचे काम सुधारले. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा अर्थ त्यांना आधीच कळला होता, असे त्यांचे मित्र केल्विन म्हणत, पण स्टोक्स यांनी ते श्रेय घेतले नाही.

१ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते ल्युकेशियन प्राध्यापकच होते.