घरच्या उजेडातले दादासाहेब फाळके

— बी. ए. द्वितीय वर्ष

मागच्या दिवाळीत मी आणि माय नांदेडहून एस.टी.ने लातूरला ताईकडे गेलो होतो. भाचीला पाच वर्षे पूर्ण झाली होती. तिचा एक चांगला फोटो काढून भिंतीवर लावावा असे सर्वांच्या मनात होते. दाजींचा मोबाईल होता, नवा फ्रॉक होता, फक्त उजेडाचे गणित जमत नव्हते. खोलीत फोटो काढला तर चेहरा काळवंडे. अंगणात काढला तर भर दुपारच्या उन्हाने डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या दिसत आणि पोर डोळे मिचकावी. शेवटी मायने दोरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर ओढले. भाचीला तिने उंबरठ्याच्या आत, सावलीत बसवले आणि स्वतः उन्हात उभी राहून धोतर तिच्या समोर ताणून धरले. उन्हाचा उजेड त्या धोतरावरून उलटून भाचीच्या तोंडावर पडला आणि चेहरा कसा उजळून निघाला! फोटो फार सुंदर आला. मायचे हात मात्र संध्याकाळपर्यंत दुखत होते.

सुट्टी संपली, कॉलेज सुरू झाले आणि ग्रंथालयात दादासाहेब फाळके यांचे चरित्र हाती पडले. ते वाचताना मी एका ठिकाणी थबकले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईला दादर येथे सरस्वतीबाई फाळके याच रीतीने पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत असत! दादासाहेब हे भारतीय चित्रपटाचे जनक होत, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून या लेखात मी त्यांच्या थोर जीवनाकडे एकाच बाजूने पाहणार आहे. ती बाजू म्हणजे त्यांचे घर, त्यांची मुले आणि उजेड.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. अशा घरातील मुलाने शास्त्री व्हावे ही अपेक्षा असणे स्वाभाविक होते. पण धुंडिराजांचा ओढा चित्रांकडे होता. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि साचेकाम यांचे शिक्षण घेतले. हाताने करण्याची एकही विद्या त्यांनी सोडली नाही असेच म्हणावे लागेल. पुढे तर त्यांनी जादूचे प्रयोगही शिकून घेतले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते रंगमंचावर उभे राहिले.

शिक्षणानंतर त्यांनी गुजरातेत फोटोचा व्यवसाय सुरू केला. परंतु त्या काळी कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो अशी लोकांची समजूत होती. जिथे मोठी माणसे कॅमेऱ्यापुढे बसायला भीत, तिथे आपले मूल कोण बसवणार? व्यवसाय चालला नाही. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दोघेही गेले. तरुण वयात एवढा आघात सोसून हा मनुष्य पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर ही मुलगी सरस्वती फाळके होऊन घरात आली. १९०३ मध्ये दादासाहेबांना सरकारी पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. पण स्वदेशी चळवळीचे वारे वाहू लागताच १९०६ साली त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला व नंतर दादरला त्यांनी छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. छापखान्याचे नाव झाले. पण भागीदाराशी मतभेद झाले आणि चालता धंदा सोडून दादासाहेब घरी बसले. चाळिशी आलेली, घरात मुले आणि पुढची मिळकत शून्य.

याच काळात गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. तो पाहताना पडद्यावर आपले राम आणि कृष्ण केव्हा दिसतील हा एकच विचार त्यांच्या मनात घोळू लागला. मग त्यांना झपाटल्यासारखे झाले. फिल्मचे तुकडे व एक लहानसे यंत्र विकत आणून ते रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाडत आणि घराच्या भिंतीवर चित्रे हलवून पाहत. हाच त्यांचा पहिला स्टुडिओ! दिवसा चित्रपट पाहणे आणि रात्री मेणबत्तीपुढे जागरण, याचा परिणाम डोळ्यांवर झाला. काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले. डॉक्टरांचे उपचार आणि चष्मे यांनी दृष्टी परत आली, आणि दृष्टी येताच ते पुन्हा त्याच कामाला लागले.

आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे चित्रपटाचे तंत्र शिकून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवून ते एप्रिलमध्ये परतले. आता स्टुडिओ हवा होता. त्यासाठी दादरला भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या आवारातच त्यांनी काचेची एक छोटी खोली उभी केली. घरातच फिल्म धुण्यासाठी अंधारखोली केली. मे महिन्यात कॅमेरा आला. नकाशा पाहून दादासाहेबांनी तो चार दिवसांत जोडला. आता या कॅमेऱ्याने पहिल्यांदा कोणाचे चित्र घेतले असेल? कोणा राजाचे नव्हे, कोणा नटाचेही नव्हे. आसपास खेळणाऱ्या मुलामुलींचे! यंत्र नीट चालते की नाही हे त्यांनी शेजारपाजारच्या पोरांवर पारखून पाहिले.

वाचकांपैकी ज्यांनी मुलांचे फोटो काढले असतील त्यांना यातील अवघडपण कळेल. मोठा माणूस सांगितल्या जागी उभा राहतो. मूल राहत नाही. त्यात त्या काळची फिल्म फार मंद होती. तिला भरपूर उजेड लागे. निळ्या रंगाला ती लगेच भुले आणि तांबडा रंग तिला काळा दिसे. म्हणजे आपल्या सावळ्या, तांबूस झाक असलेल्या चेहऱ्याशी तिचे मुळातच वाकडे. दादासाहेबांजवळ विजेचे मोठे दिवे नव्हते, म्हणून त्यांची सारी मदार सूर्यावर. परंतु सूर्य डोक्यावर आला की भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची सावली ओठांवर पडते. ती सावली काढायची तर समोरून किंवा खालून मऊ उजेड यावा लागतो. पांढरे कापड उन्हात धरले की ते असा उजेड परत फेकते. ते जवळ आणले की उजेड वाढतो, दूर नेले की कमी होतो, आणि थोडे वळवले की गालावरून सरकून डोळ्यांत येतो. यासाठी विलायतेहून काही मागवावे लागत नाही. घरातली चादर पुरते. पण ती धरायला एक माणूस लागतो.

ते माणूस म्हणजे सरस्वतीबाई. भांडवलदारांना पटवण्यासाठी दादासाहेबांनी प्रथम वाटाण्याचे रोप कॅमेऱ्यासमोर ठेवून महिनाभर रोज एकेक चित्र घेतले आणि अंकुराची वाढ हा मिनिटभराचा चित्रपट तयार केला. तरीही पैसा अपुराच पडला, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने पुढे केले. फिल्मच्या कडेला भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या. कंपनीच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, दिवसा उन्हात चादर धरून उभे राहायचे आणि रात्री अंधारखोलीत पतीला मदत करायची, असा त्यांचा दिवस असे. पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम करायला कोणी स्त्री मिळेना, म्हणून ते साळुंके नावाच्या पुरुषाने केले. पडद्यावर एकही बाई नाही. पण कॅमेऱ्याच्या अलीकडे एक बाई सतत उभी होती.

राजा हरिश्चंद्रामध्ये रोहिदासाचे काम कोणी करायचे हा प्रश्न होता. कथेत रोहिदास मरतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाचे मूल मिळेना. अखेर दादासाहेबांनी आपलाच मुलगा भालचंद्र उभा केला. चित्रीकरण चालू असताना तो पडला, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला आणि पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचाच असल्याने दादासाहेबांनी काम न थांबवता तो तसाच टिपून घेतला, अशी आठवण सांगितली जाते. ही गोष्ट वाचून मला प्रथम दादासाहेबांचा राग आला. प्लेगमध्ये एक मूल गमावलेला बाप असे कसे करू शकतो? त्या माउलीच्या मनाची काय दशा झाली असेल? थोर माणसांची चरित्रे आपण डोळे मिटून वाचू नयेत असे मला वाटते. ध्येयाची किंमत पुष्कळदा ध्येय बाळगणाऱ्यापेक्षा घरातली माणसेच जास्त मोजतात.

सुमारे ३,७०० फूट लांबीचा तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांसाठी प्रदर्शित झाला आणि हिंदुस्थानात इतिहास घडला. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला संसार व कंपनी नाशिकला हलवली. १९१७ च्या लंकादहनाने त्यांना पैसा मिळवून दिला आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली.

त्यानंतरच्या वर्षी, १९१९ साली, कालियामर्दन आला. यात बाळकृष्णाचे काम दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी हिने केले. तिचे वय तेव्हा अवघे सात वर्षे. हा चित्रपट आजही पाहायला मिळतो आणि मी तो मोबाईलवर पाहिला. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर या मुलीचा नुसता चेहरा दिसतो. त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात आणि मग तोच चेहरा कृष्णाचा होतो. आपल्या मुलीला काय येते हे बापाने जगाला अभिमानाने दाखवले आहे. एका मुलाच्या अपघातावर मी रागावले होते; पण या मुलीचा निर्भय चेहरा पाहून तो राग थोडा निवळला. कॅमेऱ्यापुढे तिला परके वाटत नाही, कारण तिच्या घरात कॅमेरा हा पाटा-वरवंट्यासारखाच नित्याचा होता.

पुढे भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. दादासाहेब काही काळ काशीला जाऊन राहिले, परत आले, पुन्हा चित्रपट काढले. परंतु बोलपट आला आणि मूकपटांचा काळ सरला. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते.

हे सारे लिहिताना मला सारखे आमचे घर आठवत होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी फी भरायची म्हणून बाबांनी पाइपलाइनचे काम दोन वर्षे पुढे ढकलले, आणि परीक्षा आली की माय पहाटे उठून माझ्या वाटणीचे पाणी भरते. गुणपत्रिकेवर मात्र नाव एकटीचेच असते. दादासाहेबांच्या चरित्राने मला हेच शिकवले की घरातील एकाने काही करून दाखवायचे म्हटले, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी चादर धरून उन्हात उभे राहावे लागते. मुलांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड आपण पाहतो. धरणारे हात चित्राच्या बाहेर राहतात.

भाचीचा फोटो आता लातूरला ताईच्या भिंतीवर लागला आहे. येणारे-जाणारे तिच्या डोळ्यांतल्या चमकीचे कौतुक करतात. परवा माझ्या लक्षात आले की आमच्या घरात मायचा, रेशनकार्ड आणि आधारकार्डासाठी काढलेले सोडले, तर एकही फोटो नाही. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मायला उंबरठ्याच्या आत बसवणार आहे. मोबाईल ताईच्या हाती देईन. धोतर मी धरीन.