जात न सांगणारा गायक : लालन फकीर

महाविद्यालयाचा अर्ज भरताना एका रकान्यापाशी माझे पेन दरवर्षी अडते. तो रकाना जातीचा. यंदा तिथे पेन अडले तेव्हा मला एका बंगाली फकिराची आठवण झाली. लोकांनी त्याला जन्मभर हाच प्रश्न विचारला आणि जन्मभर त्याने त्याचे उत्तर दिले नाही. त्या फकिराचे नाव लालन.

लालनचा जन्म १७७४ च्या सुमारास झाला असे मानतात. तो हिंदू घरातला की मुसलमान घरातला, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. एक कथा मात्र बंगालभर सांगितली जाते. यात्रेला गेला असता त्याला देवी आल्या. सोबत्यांनी तो मेला असे समजून त्याला नदीत सोडून दिले. मलम शाह नावाच्या मुसलमान विणकराला तो काठावर सापडला. त्याने व त्याची पत्नी मतिजान हिने शुश्रूषा करून त्याला वाचवले. बरा होऊन तो घरी परतला, तेव्हा मुसलमानाच्या घरचे अन्न खाल्ले म्हणून समाजाने त्याला दारातच अडवले. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले दुःख काल्पनिक नाही!

पुढे सिराज साँई हे त्याचे गुरू झाले. आज बांगलादेशात असलेल्या कुष्टियाजवळच्या छेउरिया गावी लालनने आपला आखडा थाटला. हाती एकतारा, भोवती शिष्य आणि मुखी गाणे, हाच त्याचा संसार व हीच त्याची साधना. सूफींची प्रेमभक्ती आणि वैष्णवांचा भाव त्याच्या गाण्यात एकत्र आले. देव देवळात वा मशिदीत शोधू नका, तो या देहातच वास करतो, अशी त्याची शिकवण होती. हृदयस्थ ईश्वराला बाऊल मंडळी ‘मनेर मानुष’, म्हणजे मनातला माणूस, म्हणतात. देहाचा पिंजरा आणि त्यात येणारे-जाणारे अनोळखी पाखरू ही त्याची प्रतिमा तर घराघरांत पोहोचली.

एवढे गाणे रचणारा हा माणूस शाळेची पायरी चढला नव्हता! तो गात असे आणि शिष्य ते कंठात साठवत, काही जण वहीत उतरवून घेत. शेकडो पदे अशी टिकली. माझी आजी निरक्षर होती. जात्यावर बसली की तिच्या ओव्यांना खंड नसे. घरात लिहिता येऊ लागले तोवर आजी गेली होती. लालनला शिष्य होते. आजीची वही कोणी केली नाही.

कुष्टियाचा हा भाग ठाकूर घराण्याच्या जमीनदारीत होता. ५ मे १८८९ रोजी ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी वृद्ध लालनचे रेखाचित्र काढले. त्याच्या हयातीतले तेवढेच चित्र आज परिचित आहे. १७ ऑक्टोबर १८९० रोजी पहाटे, रात्रभर शिष्यांसह गाऊन, लालनने देह ठेवला असे सांगतात. मुल्ला बोलावला नाही, पुरोहितही नाही. आखड्यातच त्याला मूठमाती देण्यात आली. पुढे १९१५-१६ मध्ये रवींद्रनाथांनी त्याची वीस पदे ‘प्रवासी’ मासिकात प्रसिद्ध केली आणि खेड्यातला हा सूर शहरातल्या विद्वानांच्या कानी गेला. २००५ मध्ये युनेस्कोने बांगलादेशातील बाऊल गीतांचा मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरव केला. फाल्गुनी पौर्णिमेला आणि पुण्यतिथीला छेउरियाला आजही मोठा मेळा भरतो.

मी मात्र तो रकाना कोरा ठेवू शकलो नाही. त्या रकान्यामुळेच फी माफ होते आणि आमच्या घरातला पहिला मुलगा महाविद्यालयात बसतो. ज्या जातीने आजोबांना शाळेबाहेर ठेवले, तिचाच दाखला दाखवून मी आत आलो. लालन फकिराने मला यासाठी दोष दिला असता असे वाटत नाही. पण अर्ज खिडकीतून आत सरकवताना मनात आले, की या रकान्याची गरज कोणालाच उरणार नाही, असा दिवस आणण्यासाठी मी शिकले पाहिजे. तोवर जात लिहावी ती अर्जावरच. माणसाच्या कपाळावर नव्हे.

— द्वितीय वर्ष, कला