गाडगेबाबांचा खराटा आणि कोपीवरचे पाणी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तुमच्या घरातले कोणी जात असेल, तर कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये पाच-सहा महिने कसे निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. तिथून जुलाब किंवा लघवीची जळजळ घेऊन आलेला रुग्ण पाहिला की मला गाडगेबाबा आठवतात.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे नाव. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव, परीट कुटुंब. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मामाकडे दापुरे येथे गुरे राखत, शेती करत वाढले. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात मातीचे गाडगे. नावही त्यावरूनच पडले.

गावात शिरले की ते आधी खराटा उचलत. रस्ते, गटारे साफ झाली की मग रात्री कीर्तन. पंढरपूरच्या यात्रेतही देवळापेक्षा त्यांचे लक्ष चंद्रभागेच्या वाळवंटातल्या घाणीकडे असे. एवढी माणसे काही दिवस उघड्यावर राहिली की पटकी पसरायला वेळ लागत नाही. नुसते झाडून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधली. ती मला त्यांची सर्वांत मोठी वैद्यकीय सेवा वाटते. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने 2000 साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. समित्या गावात येत, पाहणी करून गुण देत. निर्वासितांच्या छावण्यांतही अशीच मोजणी होते. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसे आणि छावणी स्थिरावल्यावर 20 माणसांमागे एक शौचालय हवे. शौचालय राहत्या जागेपासून 50 मीटरच्या आत असावे.

हे आकडे तुमच्या तळाला लावून पाहा. पण आकड्यावर थांबू नका. शौचालय आहे, पण कडी नाही, आत पाणी नाही, रात्री उजेड नाही, तर बायका तिकडे जात नाहीत. जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात आणि लघवीचा संसर्ग ओढवतो. म्हणून छावणीतल्या पाहणीत बायकांना वेगळे विचारले जाते. तळावरही मुकादमाला नव्हे, त्यांना विचारा.

पाण्यात टीसीएल टाकल्यावर अर्धा तास थांबा. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले नाही, तर त्यात क्लोरीन उरलेले नाही. ते उकळूनच प्या. आणि एकाच टँकरचे पाणी पिणाऱ्या दोन-तीन कोप्यांत एकदम जुलाब सुरू झाले, तर रुग्णाला दाखवताना डॉक्टरांना टँकरचेही सांगा.