बाबासाहेबांचे पाय आणि तुमच्या पायांतील मुंग्या

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. १९४७-४८ च्या सुमारास, राज्यघटनेचे काम सुरू असताना, पायांच्या नसांतील वेदनांनी त्यांची झोप उडवली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. पुढे त्यांच्या पथ्यपाण्याची आणि औषधांची काळजी त्यांनीच घेतली. तेव्हा इन्सुलिन होते, पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी आपल्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

तुमच्या हाताशी आज ती चाचणी आहे. इतवारीत दिवसभर दुकानात उभे राहणारे अनेक जण पायांतील मुंग्यांना थकवा समजतात. मुंग्या दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकत असतील आणि रात्री वाढत असतील, तर आधी साखर तपासा. मधुमेह निघाला तरी तेवढ्यावर थांबू नका. बी-१२, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. दारू आणि चालू औषधांची माहिती लपवू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. त्वचेवर बधिर चट्टा असल्यास तो दाखवा, कुष्ठरोगातही नसांना इजा होते.

वेदना जाऊन पाय बधिर झाला, तर ते बरे होणे नव्हे. जखम झालेली कळत नाही, म्हणून रोज तळवे पाहा. एका बाजूचे हातपाय अचानक लुळे पडले, तर लगेच रुग्णालय गाठा.